जुने हॅम रिसीव्हर जमवताना: नाशिककरांचे वारंवार येणारे प्रश्न

जुने शॉर्टवेव्ह रिसीव्हर जमवणाऱ्याकडे लोक दोन कारणांनी येतात. आजोबांच्या माळ्यावर काहीतरी जड सापडलेलं असतं, नाहीतर स्वतःलाच हा नाद लागलेला असतो. दोघांच्या प्रश्नांपैकी जे पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सेट आधीच घरात आला असेल आणि प्लगकडे हात जात असेल, तर बाकी सगळं सोडून आधी प्रश्न ६ वाचा.

१. आमच्याकडे जुना मर्फी आहे, शॉर्टवेव्हही लागतं. हाच हॅम रिसीव्हर का?

नाही. मर्फी, बुश, फिलिप्स, नॅशनल एको हे घरगुती ब्रॉडकास्ट रेडिओ. सिलोन, विविध भारती, बातम्या अशी मोठी स्टेशनं गोड आवाजात ऐकवणं हे त्यांचं काम. हॅम मंडळी, म्हणजे परवाना घेऊन छंद म्हणून रेडिओवर आपसांत बोलणारे, वापरत ते कम्युनिकेशन रिसीव्हर. कमजोर सिग्नल गर्दीतून वेगळा काढणं हे त्यांचं काम, आवाज कसाही असो.

फरक समोरच्या पॅनलवरच कळतो. बीएफओचा (सेटमध्येच लहर तयार करणाऱ्या ऑसिलेटरचा, प्रश्न १२) स्विच, आरएफ गेनचा (एरियलकडून आलेला सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारा) वेगळा नॉब, एव्हीसी (आवाज आपोआप सारखा ठेवणारं सर्किट) बंद करायची सोय, बँडस्प्रेडची (बारीक ट्यूनिंगची) दुसरी डायल आणि हेडफोनचा जॅक दिसला, तर सेट कम्युनिकेशन प्रकारचा समजा. कॅबिनेट बहुतेकदा पत्र्याचं असतं.

तरीही मर्फी फेकू नका. व्हॉल्व्ह सेटची दुरुस्ती शिकायला त्याच्याइतकं चांगलं साधन नाही.

२. पहिला सेट कोणता घ्यावा?

स्वतःचा मेन्स ट्रान्सफॉर्मर असलेला, आठ-दहा व्हॉल्व्हचा, साध्या सर्किटचा आणि ज्याचं सर्किट डायग्राम मिळतं असा. बर्मिंगहॅमच्या एडिस्टोनचा ६४० हे माझं आवडतं उदाहरण. १९४७ चा हा सेट हॅम लोकांसाठीच बनवलेला होता. त्याचा ट्यूनिंग नॉब एकदा झटक्याने फिरवून सोडून द्यावा: आतल्या फ्लायव्हीलच्या वजनाने काटा डायलभर एकसारखा सरकत जातो, कुठेही अडखळत नाही. जुन्या सेटमध्ये ही चाल शाबूत असेल तर आतली गिअर आणि गँग कंडेन्सर (स्टेशन बदलणारा, पात्यांचा) बहुतेक धड आहेत असं धरायला हरकत नाही.

त्याच कंपनीचा ८४० दिसायला तितकाच देखणा, पण तो ट्रान्सफॉर्मरशिवायचा एसी/डीसी सेट आहे. नवशिक्याने टाळावा, कारण प्रश्न ७ मध्ये.

एक सेट पूर्ण समजून घेऊन चालू करावा, मग दुसरा आणावा. दहा बंद सेट शेल्फवर मांडणारे खूप भेटतात, आणि त्या दहातला एकही त्यांच्या हातून कधी बोलत नाही. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण तिथे अडकलेला सेट दुसऱ्या कुणाच्या टेबलावर बोलला असता.

३. कोणती नावं दिसली की थांबून नीट बघावं?

भारतात जुन्या हॅमकडे जे सेट आले, त्यांतले बरेच दुसऱ्या महायुद्धानंतर ‘डिस्पोजल’च्या, म्हणजे लष्कराने विकून टाकलेल्या मालातून आले. म्हणून लष्करी नावं आधी.

आरसीएचा एआर-८८: चौदा व्हॉल्व्ह, सुमारे ४५ किलो वजन. ‘डी’ मॉडेल ५३५ किलोहर्ट्झ ते ३२ मेगाहर्ट्झ सलग ऐकवतं. एकट्याने उचलू नका. बीसी-३४८ हा अमेरिकन बॉम्बर विमानांतला रिसीव्हर. २०० ते ५०० किलोहर्ट्झ आणि १.५ ते १८ मेगाहर्ट्झ. तो मुळात विमानाच्या २८ व्होल्ट डीसीवर चालायचा आणि व्हॉल्व्हना लागणारा वरचा दाब आतल्या डायनामोटरमधून (मोटर आणि जनरेटर एकत्र) यायचा. आर-११५५ हा ब्रिटिश लँकेस्टर विमानातला. त्याला स्वतःचा पॉवर सप्लाय नाही आणि स्पीकर चालवेल अशी आउटपुट स्टेजही नाही, हे घेताना लक्षात ठेवा.

नॅशनल कंपनीचा एचआरओ १९३५ चा. याला बँड स्विच नाही. पुढच्या बाजूने कॉइलचा अख्खा खण ओढून काढायचा आणि दुसरा बसवायचा. ट्यूनिंगच्या मोठ्या नॉबवर छोट्या खिडक्या असतात. नॉब फिरतो तसे त्यातले आकडे बदलतात आणि दहा फेऱ्यांत ० ते ५०० पूर्ण होतात. फ्रीक्वेन्सी डायलवर लिहिलेलीच नसते, ती कॉइलच्या खणावरच्या आलेखावरून काढायची. १.७ ते ३० मेगाहर्ट्झसाठी असे चार खण लागतात. खण नसलेला एचआरओ मुका असतो, आणि त्याचा पॉवर सप्लायही वेगळ्या डब्यात असतो.

हॅलिक्राफ्टर्सचा एसएक्स-२८, हॅमरलुंडचा एसपी-६००, कॉलिन्सचा ७५ए-४ आणि आर-३९०ए, रॅकलचा आरए-१७ ही पुढची पायरी. आरए-१७ मधली वॅडली लूपची युक्ती दक्षिण आफ्रिकेच्या ट्रेव्हर वॅडली यांची. बँडच्या टोकापासून टोकापर्यंत फ्रीक्वेन्सी स्थिर ठेवण्याचा तो प्रश्न त्यांनी फार सुंदर सोडवला. आर-३९०ए मध्ये मात्र इतकी दंतचक्रं आहेत की तो पहिला सेट म्हणून उघडू नये.

४. नाशिकमध्ये असे सेट मिळतात कुठे?

दुकानात नाही, माणसांकडे. गावठाणातले वाडे उतरवले जातात तेव्हा माळ्यावरचा माल थेट भंगारात जातो. म्हणून भद्रकाली, रविवार कारंजा भागातल्या जुन्या रेडिओ मेकॅनिकांशी ओळख ठेवा. आज ते मिक्सर किंवा टीव्ही दुरुस्त करत असले तरी कोणाच्या घरी काय होतं हे त्यांना पाठ असतं. अंबड लिंक रोडचा मोठा भंगार बाजार महापालिकेने २०१७ मध्ये हटवला. त्यानंतर तिथले व्यावसायिक विखुरले, त्यामुळे एकाच फेरीत सगळं बघायची सोय गेली. मुंबईचा चोर बाजार, लॅमिंग्टन रोड आणि पुण्याचा जुना बाजार इथून दिवसाभरात होतात.

देवळालीचं नाव घेऊन सेट विकणारे भेटतील. देवळालीला महायुद्धात मोठा ट्रान्झिट कॅम्प होता आणि आजही तिथे तोफखान्याचं स्कूल आहे, त्यामुळे गोष्ट ऐकायला पटते. पण गोष्टीला किंमत देऊ नका. नेमप्लेट वाचा, मॉडेल आणि सिरीयल नंबर लिहून घ्या. लष्करी खुणांचा सेट असेल तर विकणाऱ्याकडून सहीची पावती घ्या.

सगळ्यात चांगले सेट दिवंगत हॅमच्या घरून येतात. तिथे भाव करताना घाई नको. काकूंना आधी विचारा की लॉगबुक, क्यूएसएल कार्डं (बोलणं झाल्याची पोच म्हणून हॅम एकमेकांना पाठवतात ती), सुटे व्हॉल्व्ह कुठे आहेत, आणि ते सगळं सेटबरोबरच राहू द्या.

५. विकत घेण्याआधी काय तपासायचं?

विकणाऱ्याला प्लग लावू देऊ नका. ‘चालू करून दाखवतो’ म्हणताच थांबवा. हे झाल्यावर मागचं झाकण काढून टॉर्चने बघा.

ट्रान्सफॉर्मर आधी. त्यातून मेण किंवा डांबर ओघळलंय का, जळका वास येतोय का? मल्टिमीटरने प्रायमरी आणि एचटी (जास्त व्होल्टची) वाइंडिंग तुटलेली नाही ना हे पाहा. मग गँग कंडेन्सर: पाती एकमेकांना घासतात का? मग बँड स्विच: वेफर तडकलाय का, सगळ्या जागा घेतो का? नंतर आयएफटीचे, म्हणजे ट्यून केलेल्या आयएफ ट्रान्सफॉर्मरचे स्क्रू. त्यांचे खाचे ओरबाडलेले असतील तर कोणीतरी आवाज येत नाही म्हणून दिसेल तो स्क्रू पिळलेला आहे, आणि तुम्हाला पूर्ण अलाइनमेंट करावी लागणार.

व्हॉल्व्ह नसणं ही किरकोळ गोष्ट (प्रश्न १०). कॉइल, डायल, एस्कचन (डायलभोवतीची चौकट), नॉब नसणं ही मोठी. ते भाग आज कोणी बनवत नाही.

६. सेट घरी आणला. पन्नास वर्षं बंद आहे. प्लग लावून बघू का?

नको. मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात जास्त ट्रान्सफॉर्मर इथेच जळतात.

इतकी वर्षं पडून असलेल्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचा आतला थर उतरलेला असतो. त्याला एकदम पूर्ण दाब दिला की तो शॉर्टसारखा वागतो, एसीचा डीसी करणाऱ्या रेक्टिफायर व्हॉल्व्हमधून बेसुमार करंट ओढतो आणि त्याचा भार ट्रान्सफॉर्मरवर येतो. दुसरा गुन्हेगार कागदी कपलिंग कंडेन्सर. तो गळका झाला की आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवर पॉझिटिव्ह दाब येतो, ६व्ही६ सारखा तो व्हॉल्व्ह लालबुंद होतो आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो.

म्हणून क्रम असा ठेवा. पेंटब्रशने धूळ काढा. मेन्सची वायर बदला, कापडी वेष्टणाची किंवा रबर चुरा होणारी वायर कधीही ठेवू नका. योग्य फ्यूज घाला. इलेक्ट्रोलिटिक आणि कपलिंग कंडेन्सर तपासा, शंका आली तर बदला (प्रश्न ९). मग सेटच्या फेजमध्ये १०० वॅटचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये लावा. एलईडी बल्ब इथे चालत नाही. स्विच दिल्यावर बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. भगभगीत पेटूनच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा.

आत २५० व्होल्ट किंवा जास्त डीसी असतो आणि बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये काही वेळ राहतो. इन्सुलेशन असलेल्या क्लिपने एखादा ५ वॅटचा, काही हजार ओहमचा रेझिस्टर लावून तो उतरवा आणि मीटरने खात्री करा. चालू सेटमध्ये मोजताना एक हात खिशात. पायाखाली कोरडी लाकडी फळी किंवा रबरी चटई. घरात एकटे असताना हे काम करू नका.

७. चेसिसला हात लागला की झटका बसतो. बिघाड आहे का?

काही सेटमध्ये तो बिघाड नसून रचनाच तशी असते. हॅलिक्राफ्टर्सचा एस-३८, एडिस्टोन ८४० आणि आपल्याकडचे यूसीएच, यूएल, यूवाय अशा ‘यू’ने सुरू होणाऱ्या व्हॉल्व्हचे बरेच घरगुती सेट ट्रान्सफॉर्मरशिवाय थेट मेन्सवर चालतात. मेन्सची एक तार चेसिसशी जोडलेली असते. प्लग उलटा बसला की चेसिसवर फेज. नॉबचा छोटा स्क्रू किंवा मागचा पुठ्ठा नसेल तर तोच जीवघेणा ठरतो.

असा सेट फक्त १:१ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवर चालवा. चेसिसला थेट अर्थिंग जोडू नका. फेज उलटी असली तर थेट शॉर्ट होईल.

ट्रान्सफॉर्मर असलेल्या सेटमध्ये झटका बसत असेल, तर मेन्स आणि चेसिसमधला जुना कंडेन्सर गळतोय किंवा वाइंडिंगचं इन्सुलेशन गेलंय. कंडेन्सर बदलताना ‘वाय’ वर्गाचा सेफ्टी कंडेन्सरच घ्या.

८. अमेरिकन सेट ११५ व्होल्टचा आहे. काय करू?

आधी ट्रान्सफॉर्मरवरचे टॅप (वेगवेगळ्या व्होल्टसाठीच्या जोडण्या) बघा; एआर-८८ सारख्या सेटमध्ये आपल्या मेन्सच्या जवळचा टॅप असतो. नसेल तर पुरेशा क्षमतेचा २३० ते ११५ चा स्टेप-डाउन घ्या, ऑटो-ट्रान्सफॉर्मर नको. फक्त ६० हर्ट्झसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर जास्त तापतो, म्हणून अर्ध्या तासाने हात लावून बघा.

९. सगळे कंडेन्सर बदलले तर सेट जुना कसा राहील?

हा वाद संग्राहकांत कायम असतो. माझं मत ठाम आहे: सेट चालवायचा असेल तर मेण लावलेले कागदी कंडेन्सर बदलावेत. नाशिकच्या चार महिन्यांच्या दमटपणात ते टिकत नाहीत, आणि एक गळका कंडेन्सर पुन्हा न मिळणारी कॉइल किंवा ट्रान्सफॉर्मर घेऊन जातो. मूळपण कॉइलमध्ये, वायरिंगच्या मांडणीत आणि डायलमध्ये असतं. झिजणारा भाग बदलल्याने ते जात नाही.

कागदीच्या जागी ६३० व्होल्टचे फिल्म कंडेन्सर लावा. इलेक्ट्रोलिटिक मूळच्या जवळच्या किमतीचेच घ्या. ८ मायक्रोफॅरडच्या जागी १० चालतो, १०० लावला तर रेक्टिफायर व्हॉल्व्हवर अन्याय होतो. मायका आणि सिरॅमिक बहुतेकदा चांगले असतात, उगाच काढू नका. जुने कार्बन रेझिस्टर ओलाव्याने वाढलेले असतात. २० टक्क्यांहून जास्त सरकलेले तेवढेच बदला.

देखणा सेट असेल तर जुन्या कंडेन्सरची नळी रिकामी करून आत नवा बसवावा आणि टोकं मेणाने बंद करावीत. वेळ लागतो, पण चेसिस उलटी केली की १९४७ च दिसतं. काढलेला प्रत्येक भाग पाकिटात, चिठ्ठीसह, सेटबरोबर ठेवा. बंद डब्यातल्या तेलाच्या जुन्या कंडेन्सरमध्ये पीसीबी हे विषारी तेल असू शकतं; ते फोडू नका.

१०. व्हॉल्व्ह मिळतात का?

नेहमीचे मिळतात. एकाच व्हॉल्व्हची दोन नावं असतात, हे माहीत असलं की शोध सोपा होतो: ६बीए६ म्हणजे ईएफ९३, ६बीई६ म्हणजे ईके९०, ६बीक्यू५ म्हणजे ईएल८४. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेले व्हॉल्व्हही जुन्या मेकॅनिकांकडे खोक्यात सापडतात. काचेवरचा चंदेरी डाग पांढरा पडला असेल तर आत हवा शिरलेली आहे, तो टाकून द्या.

११. डायलची काच साफ कशाने करू?

बाहेरची बाजू ओलसर कापडाने. आतल्या, छापलेल्या बाजूला काहीही लावू नका. स्पिरिट, कॉलिन, साबण, अगदी साध्या पाण्यानेही जुनी छपाई पापुद्र्यासारखी निघून येते. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटकायची, बस्स.

१२. सेट चालतो, पण हॅमचं बोलणं कळतच नाही.

हॅम आता बहुतांश एसएसबीवर (सिंगल साइडबँड) बोलतात. त्यात कॅरियर, म्हणजे आवाज वाहून नेणारी मूळ लहर, पाठवलेलाच नसतो. तो रिसीव्हरमध्ये बीएफओने तयार करावा लागतो. बीएफओ चालू करूनही आवाज फाटतो, कारण जुन्या डायोड डिटेक्टरला सिग्नल फार मोठा आणि बीएफओ फार लहान पडतो.

उपाय नॉबमध्येच आहे. एव्हीसी बंद करा. ऑडिओ व्हॉल्यूम जवळजवळ पूर्ण द्या. आरएफ गेन शून्याच्या जवळ आणून तिथून थोडा थोडा वाढवा. आता ७.१ मेगाहर्ट्झच्या आसपास केसभर सरकवत ट्यून करा. आवाज आधी चिरका येईल, मग घोगरा, आणि मधल्या एका जागी माणूस बोलू लागेल. ४० मीटरवर, म्हणजे या ७ मेगाहर्ट्झच्या बँडवर, लोअर साइडबँड असतो, म्हणून बीएफओचा नॉब एका बाजूला सरकवावा लागतो. ती जागा पेन्सिलने टिपून ठेवा. सेट अर्धा तास तापल्याशिवाय हे करू नका, तोवर फ्रीक्वेन्सी सरकत राहते.

दिवसा ४० मीटरवर मुंबई, पुणे, गुजरात, कर्नाटक असं शेजारपाजारचं ऐकू येतं. लांबचं ऐकायचं तर दिवसा १४ मेगाहर्ट्झ लावून बघा.

१३. गंगापूर रोडला फ्लॅटमध्ये राहतो. एरियलचं काय?

सोसायटीने गच्ची दिली तर ७.१ मेगाहर्ट्झचा डायपोल लावा: एकूण सुमारे २० मीटर तार, मधोमध तोडून दोन्ही बाजूंना दहा-दहा. गच्ची नसेल तर गॅलरीतून बाहेर सोडलेली दहा मीटर तारही पुष्कळ ऐकवते.

खरा शत्रू खरखर. एलईडी दिवे, चार्जर, सोलर इन्व्हर्टर. छोटा बॅटरीचा ट्रान्झिस्टर मिडियम वेव्हवर रिकाम्या जागी लावा आणि घरभर फिरा; जिथे खरखर वाढते तिथे गुन्हेगार. मेन एमसीबी पाडूनही ती राहिली तर शेजारच्या घरातून येते आहे.

संक्रांतीच्या आठवड्यात गच्चीवरची तार उतरवून ठेवा. मांजा अडकून ती तुटते, आणि ती सोडवायला मुलं कठड्यावर चढतात. वळवाच्या आणि परतीच्या पावसात एरियल सेटपासून काढून बाहेर ठेवा.

१४. हे सेट ठेवायला परवाना लागतो का?

घरगुती रेडिओसाठी पोस्टात भरायचा परवाना १९८० च्या दशकात रद्द झाला. हॅम म्हणून प्रसारण करायला मात्र केंद्राच्या दूरसंचार विभागाचा परवाना लागतो. त्यासाठी परीक्षा आहे, वयाची अट किमान १२ वर्षं आणि अर्ज सरल संचार पोर्टलवर. जनरल ग्रेडला मोर्सही येतो, मिनिटाला ८ शब्दांचा.

सापडलेल्या वस्तूत ट्रान्समीटर असेल, उदाहरणार्थ आर-११५५ बरोबर त्याचा जोडीदार टी-११५४, तर तो केवळ रिसीव्हरच्या हिशेबात धरू नका. परवाना हाती असल्याशिवाय तो विकत घेऊ नका. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानंतर नियम नव्याने लिहिले जात आहेत, म्हणून विभागाच्या संकेतस्थळावरचा ताजा मजकूर वाचा. आणि आपल्यासाठी नसलेलं संभाषण कानावर पडलं तर ते कोणाला सांगू नये.

१५. लष्करी सेटची डायल किरणोत्सर्गी असते का?

सगळ्यांची नाही, पण युद्धकाळातल्या काही उपकरणांच्या काट्यांना आणि आकड्यांना रेडियमचा रंग असतो. अंधारात चमकत नाही म्हणून तो निरुपद्रवी नाही: चमकणारा पदार्थ थकतो, रेडियमचं अर्धायुष्य मात्र सुमारे १६०० वर्षं असतं. पिवळट-तपकिरी जाड रंग दिसला तर खरवडू नका, काच उघडू नका, हाताळल्यावर हात धुवा. मुलांच्या खोलीत ठेवू नका.

१६. सेट गोदावरीच्या पुरात भिजलेला आहे. वाचेल का?

सराफ बाजार, भांडी बाजाराकडच्या घरांतून २००८ आणि २०१६ च्या पुरातले सेट अजून येतात. चेसिसवर गाळाची आडवी रेघ दिसते. ती ट्रान्सफॉर्मरच्या वर आहे की खाली, यावर बरंच ठरतं.

खाली असेल तर आशा आहे. स्पीकर आणि डायल काढून घ्या, गाळ स्वच्छ पाण्याने धुवा (छापलेली काच सोडून, प्रश्न ११), आणि सावलीत, वाऱ्यावर कित्येक दिवस वाळवा. वर असेल तर ट्रान्सफॉर्मर वेगळा काढून ६०-७० अंशांच्या उबेत हळूहळू वाळवावा आणि मग सातपूर किंवा अंबडच्या मोटर रिवाइंडिंगवाल्याकडून ५०० व्होल्ट मेगरने इन्सुलेशन तपासून घ्यावं. गेलेलं असेल तर तोच माणूस ट्रान्सफॉर्मर रिवाइंड करून देतो. त्याला मूळ गाभा, एचटीचे व्होल्ट आणि हीटरचे ६.३ व ५ व्होल्ट किती अँपिअरचे हे कागदावर लिहून द्या. आयएफटी आणि कॉइल बुडाल्या असतील तर त्यांची हिरवी पडलेली बारीक तार कधीही सुटते, त्यामुळे असा सेट घेताना पैसे केवळ सुट्या भागांचे द्या.

१७. आधीच्या मालकाने सेटमध्ये फेरफार केलेत. ते काढून टाकू का?

आधी फेरफार वाचा, मग ठरवा. बीसी-३४८ मधला डायनामोटर काढून तिथे मेन्सचा सप्लाय बसवणं हे त्या काळच्या जवळजवळ प्रत्येक हॅमने केलं, कारण २८ व्होल्ट घरात कुठून आणणार? ते काम नीटनेटकं असेल, डाग स्वच्छ असतील, तर राहू द्या. त्या माणसाचा सेटशी असलेला संबंध त्यातून कळतो आणि सेट चालूही राहतो.

धोकादायक असेल ते मात्र काढाच: फ्यूजशिवायचा मेन्स, टेपने गुंडाळलेले जोड, सेलेनियम रेक्टिफायर. तो जळला तर निघणारा धूर विषारी असतो. त्याच्या जागी सिलिकॉन डायोड लावा, पण दाब वाढू नये म्हणून सिरीजमध्ये योग्य रेझिस्टर घाला. पॅनलला पाडलेली भोकं बुजवून वर रंग मारू नका, क्रॅकल फिनिश पुन्हा जुळत नाही. साधं काळं बटण बसवा. जे जे केलं ते तारखेसह कागदावर लिहून, झाकणाच्या आतल्या बाजूला, गरम व्हॉल्व्हपासून दूर चिकटवा. पुढे सेट ज्याच्याकडे जाईल त्याला तेच सर्किट डायग्रामइतकं उपयोगी पडतं.